खाणीचे छत आणि लाकडाचा खांब

दि. १० डिसेंबर १९५४ रोजी छिंदवाडा जिल्ह्यातील न्यूटन चिखली येथील कोळशाच्या खाणीत पाणी घुसून ६३ माणसे प्राणास मुकली. पुढे १९५८ साली बंगालमधील चिनाकुरी येथे स्फोटाने सुमारे पावणेदोनशे, १९६५ साली बिहारमधील धोरी येथे स्फोटानेच २६८ आणि १९७५ च्या डिसेंबरात चासनाला येथे पुन्हा पाण्याने ३७५ कामगार दगावले. ह्या दुर्घटनांची नोंद इतिहासात झाली, चौकशी-मंडळे बसली, चासनाल्यावर तर पुढे हिंदी चित्रपटही निघाला. त्यामुळे खाणीतील मृत्यू म्हणजे पाणी किंवा स्फोट, अशी सामान्य वाचकाची समजूत झाली असल्यास तिचे नवल वाटावयास नको.

वस्तुस्थिती मात्र निराळी आहे. जमिनीखालच्या कोळसाखाणींत ज्या एका कारणाने पिढ्यान् पिढ्या सर्वांत अधिक माणसे मेली किंवा कायमची जायबंदी झाली ते कारण म्हणजे डोक्यावरचा दगड. इंग्लंडात १८५० च्या कायद्याने खाणींवर सरकारी निरीक्षक नेमले गेले व अपघातांचे आकडे पद्धतशीर जमू लागले, तेव्हा त्या निरीक्षकांसही हे पाहून आश्चर्य वाटले. ज्या स्फोटांच्या बातम्यांनी वर्तमानपत्रे भरून जात, त्यांच्यापेक्षा छत व बाजूचे दगड-कोळसा कोसळून मरणाऱ्यांची संख्या कितीतरी मोठी होती. विसाव्या शतकाच्या आरंभीही त्या देशातील खाण-अपघातांतील मृत्यूंपैकी जवळजवळ निम्मे ह्याच कारणाने होत. पण दगड पडतो तो एका वेळी एका माणसावर, फार तर दोघांवर. एका कामगाराच्या मृत्यूसाठी कोणी चौकशी-मंडळ नेमत नाही. आपल्याकडील कोळसाखाणींतील हिंदी बोलीत ह्या प्रकारास ‘चाल गिरना’ असे दोनच शब्द आहेत, आणि बहुतेक वेळा त्या मृत्यूची हकीकतही त्या दोन शब्दांपलीकडे गेलेली नाही.

स्मरणिकेच्या पानांत हा विषय कशास, असा प्रश्न कोणास पडेल. त्यास उत्तर इतकेच की, ह्या दगडाखाली कित्येक शतके जर काही उभे राहिले असेल तर ते लाकूड, आणि लाकूड हा आपल्या घराण्यांचा पिढीजात विषय आहे. आपल्या वाडवडिलांनी वाड्यांचे खांब घडविले, तुळया चढविल्या, देवळांचे मंडप उभारले. त्यांचा अभिमान आपण दरवर्षी ह्या पानांतून बाळगतो. खाणीतल्या अंधारात उभ्या राहिलेल्या ओबडधोबड खांबाचा इतिहास मात्र कोणी लिहीत नाही. वस्तुतः तो खांब आपल्या वाड्यातील खांबापेक्षा अधिक बिकट काम करीत आलेला आहे.

हे काम कोणते, ते समजण्यासाठी खाणीची रचना थोडी ध्यानी घेतली पाहिजे. आपल्याकडील भूमिगत कोळसाखाणी बहुधा स्तंभपद्धतीने खणल्या गेल्या. कोळशाच्या थरात उभे-आडवे बोगदे पाडीत जावयाचे आणि मध्ये कोळशाचेच चौकोनी स्तंभ वरचा डोंगर तोलण्यासाठी ठेवावयाचे, हा पहिला टप्पा. ह्या टप्प्यात खाण वरून पाहिल्यास आखीव पेठेसारखी दिसेल. दुसरा टप्पा कठीण. ठेवलेले स्तंभही मागे सरकत सरकत काढून घ्यावयाचे आणि रिकाम्या झालेल्या जागेवर छत मुद्दाम कोसळू द्यावयाचे. ह्या कोसळलेल्या भागास ‘गोफ’ म्हणतात. गोफाच्या काठावर उभा असलेला कामगार म्हणजे ज्या छपराचे आढे आपणच काढीत आहोत त्याच छपराखाली उभा असलेला माणूस होय. त्याच्यावर पडावयाचे ते कधी, कोठे व किती, हाच त्याच्या जन्ममरणाचा प्रश्न. गोफाच्या काठचे लाकडी खांब शेवटी काढून घेण्याचे काम ज्यांच्याकडे असे त्यांच्याइतका धोका खाणीत दुसऱ्या कोणास क्वचितच असेल.

वाड्याचा खांब तळखड्यावर बसतो, हस्तावर तुळई घेतो आणि शंभर वर्षे न हलणे हाच त्याचा गुण समजला जातो. खाणीच्या खांबाचे तसे नव्हे. त्याखाली सपाट दगडी बैठक नसते. वर लाकडाची एक चपटी ठोकळी ठेवून पाचर मारून तो छताला घट्ट आवळावा लागतो. वरचा भार शेकडो फूट जाडीच्या खडकाचा, तो कोणताही खांब पेलू शकणार नाही. खांबाने पेलावयाचा तो फक्त बोगद्याच्या लगत सुटू पाहणारा खालचा थर. जेथे भार अधिक तेथे लाकडाचे ओंडके दोन आडवे, दोन उभे असे एकावर एक रचून चौरस बुरूज उभारीत. त्यास खाणीत ‘चॉक’ किंवा ‘कॉग’ म्हणतात. बंगाल-बिहारच्या खाणींत ह्या कामास सालाचे लाकूड मुख्यत्वे वापरले गेले; मध्यप्रांतातील खाणींना जवळपासच्या सातपुड्याच्या व चांद्याच्या रानांनी पुरवठा केला.

लोखंडी खांब आल्यावरही जुने खाणकामगार लाकडास सोडावयास राजी नसत. त्याचे कारण केवळ सवय हे नव्हते. लाकूड मोडण्यापूर्वी बोलते. भार वाढू लागला की प्रथम वरची ठोकळी चेपते, मग खांबाच्या अंगातून बारीक कुरकुर ऐकू येते, मग तंतू सुटू लागल्याचा तडतड आवाज होतो. इतका अवधी मिळाला तर माणूस हातातले टाकून पळू शकतो. ज्याने कधी ओझ्याखाली वाकलेल्या फळीचा आवाज ऐकला आहे त्यास हे निराळे सांगावयास नको. खाणीतील शांतता ह्या अर्थाने एक हत्यारच होते आणि अनुभवी माणूस अधूनमधून काम थांबवून कान देत असे.

छताची परीक्षाही कानानेच होई. बाजारात मडके घेताना आपण ते बोटाने वाजवून घेतो, तसे काठीने किंवा पहारेने छत ठोकून पाहावयाचे. आवाज खणखणीत आला तर दगड सलग आहे, बद्द आला तर थर सुटला आहे असे समजून तो लांब पहारेने, स्वतः सुरक्षित छताखाली उभे राहून, पाडून टाकावयाचा. दुसऱ्या हाताची बोटे छताला लावून कंप येतो का, हेही पाहात. ही परीक्षा चांगली असली तरी पुरी नव्हे. सुटलेला थर फार जाड असेल तर तोही खणखणीत वाजतो. ह्या एका गोष्टीने कित्येक जाणत्या माणसांचा घात केला आहे.

युरोप-अमेरिकेतील खाणींत एक विलक्षण धोका आढळतो, तो येथे सांगण्याचा मोह आवरत नाही. कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या ज्या अरण्यांचा कोळसा झाला त्यांतील काही झाडांचे बुंधे जागच्या जागी उभेच राहिले व त्यांच्या पोकळीत गाळ भरून त्याचा दगड झाला. खाली रुंद व वर निमुळता असा हा दगडी बुंधा छतात लपलेला असतो. सभोवती कोळशाची गुळगुळीत साल तेवढी उरलेली. खालचा कोळसा काढला की तो बाटलीच्या बुचासारखा निसटतो आणि कोणतीही सूचना न देता खाली येतो. म्हणजे वरही झाडच आणि खाली आधाराला दिलेले तेही झाडच!

हा प्रश्न कोळशाबरोबर जन्मला असे मात्र नाही. जर्मन वैद्य व खनिजवेत्ता जॉर्ज अ‍ॅग्रिकोला ह्याचा खाणविद्येवरील महाग्रंथ त्याच्या मृत्यूनंतरच्या वर्षी, १५५६ साली प्रसिद्ध झाला. त्यात विहिरी व बोगदे लाकडाने कसे बांधावे ह्याचे सविस्तर वर्णन व चित्रे आहेत. गोस्लारजवळील रामेल्सबर्ग येथे डोंगर आतून पोखरला जाऊन कोसळला तेव्हा एका दिवसात सुमारे चारशे स्त्रिया विधवा झाल्या, अशी जुन्या बखरींतील हकीकत त्याने दिली आहे. मेलेले पुरुष किती हे न सांगता मागे राहिलेल्या स्त्रियांची गणती त्याने द्यावी, हे मला फार अर्थपूर्ण वाटते. (हा ग्रंथ लॅटिनमधून इंग्रजीत १९१२ साली आणला तो हर्बर्ट हूव्हर व त्यांच्या पत्नी लू ह्यांनी. हे खाण-अभियंते हूव्हर पुढे अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष झाले.)

आपल्या प्रदेशात कोळशाच्या खाणीचा उद्योग एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सुरू झाला. त्या वेळच्या चांदा जिल्ह्यात वरोरा येथे सरकारनेच खाण चालविली. ती १९०६ साली बंद पडली आणि बल्लारपूर पुढे आले. त्याच सुमारास पेंच खोऱ्यात, परासियाच्या आसपास, खाणी निघू लागल्या. पुढे घुग्गुस, माजरी, यवतमाळ जिल्ह्यातील राजूर अशी नावे वाढत गेली. हिंदुस्थानातील खाणींचा पहिला कायदा १९०१ चा. तो होण्यास कोलारच्या सोन्याच्या खाणीतील १८९७ चा अपघात (५२ मृत्यू) व बलुचिस्तानातील खोस्त येथील १८९८ चा अपघात (४७ मृत्यू) कारणीभूत झाले. म्हणजे कायदाही मोठ्या अपघातामुळेच झाला. सुट्या दगडाखाली सुट्या सुट्या मेलेल्या माणसांनी तो घडविला नाही.

ह्या काळातील कामाची पद्धत ध्यानात घेतली तर दगडाचा दोष किती व माणसाचा किती, हे उलगडू लागते. कोळसा तोडणाऱ्या व भरणाऱ्या माणसाची मजुरी भरलेल्या डब्यांवर ठरे. छत ठोकून पाहण्यात, सुटा दगड पाडण्यात, खांब येईपर्यंत वाट पाहण्यात जो वेळ जाई त्याचा डबा भरत नसे. संध्याकाळी हातात पडणारे पैसे आणि डोक्यावरचा धोका हे एकाच तराजूत घातले गेले, व तो तराजू धरावयास लावला तो ज्याच्या घरी दाणा नाही अशा माणसास. अपघातानंतरच्या नोंदीत ‘मृताने स्वतः निष्काळजीपणा केला’ असे लिहिणे सोपे होते. ज्याने खांब वेळेवर पोहोचविला नाही त्याचे नाव तीत येण्याचे कारणच नव्हते.

त्यातून खाणीत माणूस एकटा नसे. पुरुषाने कोळसा तोडावा आणि त्याच्या बायकोने तो टोपलीतून वाहावा, असे जोडप्याने काम करण्याची रीत आपल्या कोळसाखाणींत फार काळ होती. एक थर कोसळला तर एका घरातील दोन्ही कर्ती माणसे जात. स्त्रियांना भूगर्भात नेण्यास १९२९ पासून क्रमाक्रमाने बंदी होत १९३७ मध्ये ती पूर्ण झाली. महायुद्धात कोळशाची निकड भासताच १९४३ साली मध्यप्रांत-वऱ्हाडासह कोळसाप्रांतांत ती उठविण्यात आली व १९४६ मध्ये पुन्हा लागू झाली. सरकारला कोळसा हवा झाला की नीतीचे नियम कसे लवचिक होतात, ह्याचे हे चांगले उदाहरण आहे.

मरणाची भरपाई म्हणून कायद्याने काय ठरविले तेही पाहण्यासारखे आहे. १९२३ चा कामगार नुकसानभरपाईचा कायदा १९२४ च्या जुलैपासून अमलात आला. त्याप्रमाणे प्रौढ कामगार मेल्यास त्याच्या अवलंबितांस तीस महिन्यांचा पगार किंवा २५०० रुपये, ह्यांपैकी जे कमी असेल ते मिळावयाचे. कायमचा पूर्ण निकामी झाल्यास बेचाळीस महिन्यांचा पगार किंवा ३५०० रुपये, त्यांतही जे कमी असेल तेच. मेलेल्यापेक्षा जिवंत राहिलेल्या अपंगास रक्कम अधिक होती. मेलेल्यास खावयास लागत नाही, असा हिशेब त्यामागे असावा. जखमेमुळे दहा दिवसांहून कमी काळ काम बुडाले तर काहीच मिळत नसे; ही मुदत पुढे १९३३ साली सात व १९५९ साली तीन दिवसांवर आली.

आता त्या जखमांविषयी. कोळसा भरणारा माणूस बहुधा वाकलेला किंवा उकिडवा बसलेला असतो. वरून आलेली शिळा त्याच्या खांद्यांवर व पाठीवर पडते, शरीर पुढे मिटते आणि कमरेच्या वरच्या भागात पाठीचा कणा मोडतो. कण्यातील मज्जारज्जू तुटल्यास कमरेखालचे शरीर लुळे पडते. अशा जखमीस दोघांनी काखेत व पायांत धरून उचलले, तर जो रज्जू दगडाने तोडला नाही तो उचलण्याने तुटू शकतो. म्हणून त्यास सपाट फळीवर न वाकविता घेण्याचे शिक्षण खाणीतील प्रथमोपचारात महत्त्वाचे ठरले. दुसरा प्रकार अधिक फसवा. मांड्या तासन् तास दगडाखाली चिरडलेल्या माणसास बाहेर काढतात, तो शुद्धीवर असतो, बोलतो, पाणी मागतो, सर्वांस वाटते वाचला. आणि काही दिवसांत त्याची लघवी थांबून तो मरतो. चिरडलेल्या स्नायूंतील द्रव्ये दगड उचलताच रक्तात उतरून मूत्रपिंडे निकामी करतात, हे डॉ. एरिक बायवॉटर्स ह्यांनी १९४१ साली लंडनच्या बॉम्बवर्षावातील रुग्णांवरून स्पष्ट करून दाखविले. दगड काढण्यापूर्वीच शिरेतून द्रव देण्यास सुरुवात करावी, ही आजची रीत त्या ज्ञानातून आली.

कणा मोडलेल्या कामगाराचे पुढे काय होई? १९१७ साली सायलेशियातील कोनिग्सह्युटे येथील खाणकामगारांच्या अपघाती रुग्णालयात लुडविग गुटमन नावाचा अठरा वर्षांचा मुलगा मदतनीस म्हणून काम करीत होता. तेथे त्याने कणा मोडलेला एक धडधाकट तरुण खाणकामगार पाहिला. त्याच्यासाठी काही करण्याजोगे नाही, काही आठवड्यांत तो जाणार, असे गृहीतच धरलेले होते आणि तसेच झाले. शय्याव्रण व मूत्रमार्गाचा जंतुदोष ह्यांनी तो पाच आठवड्यांत गेला. गुटमन पुढे मज्जासंस्थेचे नामांकित शल्यवैद्य झाले, ज्यू असल्यामुळे १९३९ मध्ये जर्मनी सोडून इंग्लंडात आले आणि १९४४ साली स्टोक मँडेव्हिल येथे कणा दुखावलेल्या सैनिकांसाठी त्यांनी विभाग काढला. रुग्णास दर दोन तासांनी कूस बदलून देणे, मूत्राशयाची स्वच्छता राखणे आणि त्यास लवकरात लवकर कामास व खेळास लावणे, एवढ्या साध्या वाटणाऱ्या गोष्टींनी त्यांनी मृत्यूचा तो नियम मोडून काढला. तेथे १९४८ साली सुरू झालेल्या क्रीडास्पर्धांचेच पुढे पॅरालिंपिक झाले. आपल्या सांगली जिल्ह्याचे मुरलीकांत पेटकर १९६५ च्या युद्धात कण्यात गोळी लागून अपंग झाले. १९७२ साली हायडेलबर्ग येथील पॅरालिंपिकमध्ये पोहण्याच्या शर्यतीत त्यांनी भारताला पहिले सुवर्णपदक मिळवून दिले, त्या पदकाची मुळे शोधीत गेल्यास ती त्या अनामिक खाणकामगाराच्या खाटेपर्यंत पोहोचतात.

असो. पुन्हा छताकडे वळू. स्वातंत्र्यानंतर १९५२ चा खाण-कायदा व १९५७ ची कोळसाखाणींची नियमावली आली. बोगदा ४.८ मीटरपेक्षा रुंद व ३ मीटरपेक्षा उंच नसावा, खोली वाढेल तसा कोळशाचा स्तंभ मोठा ठेवावा, खांब किती अंतरावर द्यावयाचे ते आधी ठरलेले असावे, अशी बंधने तीत आली. स्तंभ अपुरे ठेवल्यास काय होते ते १९६० च्या जानेवारीत दक्षिण आफ्रिकेतील कोलब्रुक येथे दिसले. तेथे स्तंभ एकामागून एक चिरडत गेले आणि ४३७ माणसे आत राहिली. त्यानंतरच स्तंभाच्या बळाचे गणित शास्त्रीय पायावर मांडले गेले. आपल्याकडे १९८२ च्या जुलैत टोपा येथील खाणीत छत कोसळून एकाच वेळी १६ कामगार मेले. खाजगी खाणी १९७१ ते १९७३ ह्या काळात राष्ट्राच्या मालकीच्या झाल्या व १९७५ मध्ये विदर्भ-छिंदवाड्याच्या खाणींचे कार्यालय नागपुरास आले. सिल्लेवाडा, सावनेर अशा नव्या भूमिगत खाणी नागपूर जिल्ह्यातच उभ्या राहिल्या.

लाकडाची जागा पुढे पोलादी बोल्टाने घेतली. छतात दीड-दोन मीटरांचे भोक पाडून, त्यात सळई घालून सिमेंट किंवा राळेने ती पक्की करावयाची. खालून टेकू न देता वरचे थरच एकमेकांस शिवून टाकावयाचे, अशी ही कल्पना. चार पातळ फळ्या सुट्या ठेवल्यास वाकतात, त्याच एकत्र ठोकल्यास तुळईचे काम देतात, हे आपणांपैकी प्रत्येकाच्या घरात ठाऊक आहे. कल्पना उत्तमच; परंतु तिचा पहिला अनुभव विचार करावयास लावणारा ठरला. अमेरिकेत १९४८ नंतर बोल्टांचा झपाट्याने प्रसार झाला, तरी पहिल्या दशकात छत पडून होणाऱ्या मृत्यूंचे प्रमाण अपेक्षेप्रमाणे उतरले नाही. खांबांची अडचण गेल्याने मोठी यंत्रे आत आली, बोगदे रुंद झाले, काम वेगाने होऊ लागले. जी सुरक्षितता मिळाली ती उत्पादनाने खाऊन टाकली. १९६९ च्या कडक कायद्यानंतर तेथील स्थिती खरी पालटली. आपल्याकडे बोल्ट मुख्य आधार म्हणून रुजला तो १९९० नंतर.

पोलादी सळई लाकडाप्रमाणे कुरकुरत नाही, आणि यंत्रांच्या घरघरीत कुरकुरली असती तरी ऐकू आली नसती. म्हणून छत किती मिलिमीटर खाली आले हे दाखविणारी साधने, भार मोजणारे डबे, अशी उपकरणे बसवावी लागली. २०१७ च्या नव्या नियमावलीत अशा मोजणीचा आराखडा सक्तीचा झाला आहे. आज देशातील नव्वद टक्क्यांहून अधिक कोळसा उघड्या खाणींतून निघतो. तेथे डोक्यावर छतच नाही, त्यामुळे ह्या प्रकारचे मृत्यू पुष्कळच कमी झाले आहेत. त्या खाणींत माणसे मरतात ती अजस्र मालमोटारींखाली, तो विषय निराळा. उरलेल्या भूमिगत खाणींत जेथे स्तंभ काढण्याचे काम चालते तेथे बोल्ट, यंत्रे, उपकरणे सर्व काही असूनही गोफाच्या काठाला लाकडी खांबांच्या रांगा रोवण्याची रीत अद्याप पुष्कळ ठिकाणी आहे. त्यांनी डोंगर तोलावा अशी अपेक्षा कोणी ठेवीत नाही. छत हलू लागले की ते आधी वाकतात, तडतडतात, आणि तो आवाज येताच सरदार माणसांना मागे बोलावून घेतो.